न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, मिनिओला–विलिस्टन पार्क या गावांच्या बाजूला, घरामागे विजेच्या तारांखाली काँक्रीटचे जुने चौकोनी खांब ओळीने उभे सापडले आहेत आणि शेजारी काँक्रीटची तुटकी पट्टी आहे. ते व्हँडरबिल्टच्या मोटर पार्कवेचे, म्हणजे फक्त मोटारींसाठी बांधलेल्या जुन्या टोलरस्त्याचे आहेत का, हे कसं ओळखायचं आणि त्यांची नोंद कशी करायची?

तुमच्या प्रश्नात दोन खुणा दिल्या आहेत. मिनिओला–विलिस्टन पार्कच्या बाजूला, विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात ओळीने उभे चौकोनी खांब, आणि त्यांच्या शेजारी गवतात बुडालेली काँक्रीटची तुटकी पट्टी. दोन्ही खुणा लाँग आयलंड मोटर पार्कवेकडेच बोट दाखवतात. तरी नुसत्या खांबांवरून निकाल देऊ नका. आधी रस्त्याची रेषा नक्की करा आणि मग त्या रेषेवर खांब बसतो का ते बघा. हौशी मंडळींच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा धरल्याने होतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. विल्यम के. व्हँडरबिल्ट ज्युनियर यांनी १९०४ साली व्हँडरबिल्ट कप ही शर्यत सुरू केली. पहिल्या तीन वर्षी ती लोकांच्या रोजच्या वापराच्या रस्त्यांवरच झाली. १९०४ची फेरी २८ मैलांहून जास्त लांबीची होती आणि अशा दहा फेऱ्या मारायच्या होत्या. आज जिथे आपली माणसं किराणा आणायला जातात, त्या हिक्सव्हिलमध्ये तेव्हा गाड्यांचा वेळ थांबवून त्यांना गावातून सावकाश सोडत. १९०६च्या शर्यतीत एक प्रेक्षक गाडीखाली सापडून मेला. १९०७ला शर्यत झालीच नाही. शेवटी व्हँडरबिल्टनी खाजगी कंपनी काढून फक्त मोटारींसाठी टोलचा रस्ता बांधला. त्याच्या पहिल्या तुकड्यावर १० ऑक्टोबर १९०८ला गाड्या धावल्या आणि पुढे तो क्वीन्सपासून लेक रॉन्कॉन्कोमापर्यंत सुमारे ४५ मैल झाला. १९१०च्या शर्यतीतल्या मृत्यूंनंतर लाँग आयलंडवरची मूळ कप शर्यत संपली. रस्ता मात्र टोल घेत चालू राहिला. सुरुवातीला टोल २ डॉलर होता, शेवटी ४० सेंट. शेजारी फुकटचा नॉर्दर्न स्टेट पार्कवे झाल्यावर तो टोल कोण भरणार? १९३८च्या एप्रिलमध्ये रस्ता बंद झाला आणि थकलेल्या करांपोटी सरकारकडे गेला. क्वीन्समधला तुकडा त्याच वर्षी सायकलमार्ग झाला. सफोक काउंटीमधला मोठा भाग आजही काउंटी रस्ता ६७ म्हणून वापरात आहे. मधल्या नासाऊ काउंटीत मात्र कुठे घरं झाली आणि कुठे तारांचा पट्टा. तुम्ही नेमके त्या हरवलेल्या भागात राहता, म्हणून तुमच्या नोंदीला जास्त मोल आहे.

आता रेषा. १९१४चा बेल्चर हाइड कंपनीचा नासाऊचा नकाशासंग्रह आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे जुने नकाशे, दोन्ही घ्या. सर्वेक्षणाचे नकाशे फुकट उतरवता येतात. इथे पहिली फसगत होते. नकाशावर छापल्याचं वर्ष वेगळं आणि मोजणीचं वर्ष वेगळं असतं. मोजणी १९०८च्या आधीची असेल, तर नंतर पुन्हा छापलेल्या प्रतीतही हा रस्ता दिसणार नाही. त्यावरून ‘इथून रस्ता गेलाच नाही’ असं ठरवू नका.

नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये आजच्या नकाशावर बसवायचा. जुळवणीचे बिंदू किमान सहा घ्या आणि ते चारही बाजूंना पसरलेले असू द्या. रेल्वेमार्ग आणि जुने रस्ते एकमेकांना छेदतात त्या जागा सगळ्यात भरवशाच्या, कारण त्या फारशा हलल्या नाहीत. तळ्याचा काठ, ओढा, शेताची हद्द हे बिंदू घेऊ नका. शंभर वर्षांपूर्वीचा कागद आक्रसलेला असतो, त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी काही मीटरची चूक राहतेच. प्रोग्रॅम ती चूक आकड्यात दाखवतो. तो आकडा नोंदीत लिहून ठेवा. चूक १० मीटर असेल, तर ‘रस्ता या घराच्या अंगणातून गेला की शेजारच्या’ हे त्या नकाशावरून कुणीच सांगू शकत नाही.

यानंतर लिडारची उंचसखल चित्रं बघा. विमानातून लेझरने मोजलेली ही माहिती भूगर्भ सर्वेक्षणच फुकट देतं आणि तिच्यात झाडंझुडपं काढून टाकलेली जमीन दिसते. हा रस्ता ओळखायला याहून चांगलं साधन नाही, आणि त्याचं कारण रस्त्याच्या रचनेतच आहे. पार्कवे दुसऱ्या कुठल्याही रस्त्याला त्याच पातळीवर छेदत नव्हता. जिथे जुना रस्ता किंवा रेल्वे आडवी आली, तिथे पूल. असे पूल साठाच्या वर होते. पूल आला की दोन्ही बाजूंना मातीचा चढता भराव आला, नाहीतर जमीन खोदून काढलेली खोल वाट आली. पुढे पूल पाडले, काँक्रीट उखडलं, तरी भराव पूर्णपणे सपाट करायला कुणी सहसा पैसे घालत नाही. मग लिडारवर दिसतो एक लांबट उंचवटा. तो जुन्या रस्त्याच्या अलीकडे सुरू होतो, मध्येच तुटतो आणि पलीकडे पुन्हा उतरतो. तुमच्या खांबांची ओळ अशा उंचवट्याच्या कडेने जात असेल, तर गोष्ट जवळजवळ पक्की. वळणावर उंचवट्याची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा उंच दिसली, तर आणखी बळ मिळतं, कारण वळणं वेग झेपण्यासाठी तिरकी बांधली होती.

प्रत्यक्ष जागेवर नोव्हेंबर अखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत जा. पानं गळलेली असतात आणि सूर्य खाली असल्याने छोटा उंचवटाही सावली टाकतो. हलका बर्फ पडून गेल्यावरची सकाळ तर उत्तमच. पण तारांखालचा पट्टा वीज कंपनीच्या मालकीचा असतो. लेखी परवानगीशिवाय आत शिरू नका. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहूनही पुष्कळ दिसतं. पॉयझन आयव्हीची वेल ओळखायला शिका. उन्हाळ्यात तीन-तीन पानांचे झुपके, हिवाळ्यात नुसतं केसाळ मुळांचं खोड. तिचं तेल पानं नसतानाही अंगाला लागतं. ती कधीही जाळू नका, धूर फुप्फुसात जातो. गोचिडीही आहेत आणि उबदार दिवशी त्या हिवाळ्यातही फिरतात. विजार मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा.

तिथे काय मोजायचं? दोन खांबांमधलं अंतर, प्रत्येक खांबाची जाडी आणि जमिनीवरची उंची, आरपार भोकं किंवा खाचा असतील तर त्या किती उंचीवर आहेत. पट्टीच्या दोन्ही कडा दिसत असतील तर रुंदी. बऱ्याच भागात रस्ता २२ फुटांचा होता, पण सगळीकडे नाही. म्हणून कमी रुंदी मिळाली की लगेच निराश होऊ नका. तुटलेल्या कडेचा जवळून फोटो काढा. खडी केवढी आहे, आत लोखंड आहे का, वरचा थर वेगळ्या रंगाचा आहे का, हे त्यात दिसलं पाहिजे. फोटोत मोजपट्टी हवीच. नाणं ठेवू नका, ते दूरच्या फोटोत दिसत नाही.

जागेची नोंद फोनच्या जीपीएसवर सोडू नका. मोकळ्या आभाळाखाली तो तीन-पाच मीटर चुकतो आणि झाडाखाली त्याहून जास्त. त्याच्या जोडीला टेपने दोन पक्क्या वस्तूंपासून अंतर घ्या. विजेच्या खांबावर क्रमांकाची पट्टी असते, ती सगळ्यात सोयीची. ‘अमुक क्रमांकाच्या खांबापासून ११.४ मीटर, पुढच्या खांबापासून २७.९ मीटर, ओळीच्या उत्तरेला’ असं लिहिलं की वीस वर्षांनी आलेला माणूसही नेमक्या जागी उभा राहतो. ‘उत्तरेला’ हा शब्द विसरलात तर दोन जागा निघतात, कारण दोन अंतरांनी काढलेली वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात.

रेल्वेच्या बाजूचे खांब आणि जमिनीच्या हद्दीचे दगड या ओळखीत वारंवार घोळ घालतात. हद्दीचा दगड एकटा किंवा कोपऱ्यावर असतो. पार्कवेचे खांब म्हणजे रस्त्याच्या कडेच्या कठड्याचे खांब, आणि ते ठरावीक अंतराने, बहुधा पुलाजवळ किंवा भरावाच्या काठाला, ओळीत येतात. सफोकमध्ये आणखी एक सापळा आहे. ‘मोटर पार्कवे’ अशी पाटी असलेला आजचा प्रत्येक फूट मूळ रेषेवर नाही. काही वळणं नंतर सरळ केली आहेत.

आता सर्वांत कळकळीची विनंती. खांब उपटून अंगणात लावू नका आणि साफही करू नका. जागेवरचा खांब रस्त्याची कडा सांगतो. अंगणातला खांब काहीच सांगत नाही. शिवाय खणायचंच असेल तर न्यूयॉर्कमध्ये आधी ८११ला (जमिनीखालच्या तारा-नळांची खूण करून देणारा क्रमांक) फोन करणं कायद्याने बंधनकारक आहे. साफसफाईत सर्वाधिक नुकसान चांगल्या हेतूने होतं. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा जोराच्या पाण्याचा फवारा मारला की वरची घट्ट साय जाते, आतली सच्छिद्र बाजू उघडी पडते, तिच्यात पाणी मुरतं, हिवाळ्यात ते गोठतं आणि पोपडे सुटतात. खांबावर चढलेली साधी आयव्ही (पॉयझन आयव्ही नव्हे) ओढून काढली की तिच्या मुळांबरोबर काँक्रीटही येतं. बुंध्याशी सहा इंचांचा तुकडा कापून काढा, वरची वेल एक मोसम वाळू द्या, मग ती अलगद सुटते. सळई उघडी पडून तांबूस ओघळ दिसत असतील तर वरून सिमेंट लिंपू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आत गंज चालू राहिला की नवं लिंपण स्वतःबरोबर जुना तुकडाही घेऊन पडतं. ते काम जुन्या काँक्रीटच्या जाणकाराचं. आपण फोटो काढून वर्षातून एकदा तुलना करायची.

शर्यतीच्या फोटोंचं काम घरबसल्या होतं. काँग्रेस लायब्ररीत बेन न्यूज सर्व्हिस या जुन्या वृत्तछायाचित्र संस्थेचे आणि डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयाच्या मोटार-इतिहास विभागात बरेच फोटो आहेत. फोटोखालच्या वर्षावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लोकोमोबिल कंपनीची एकच गाडी १९०६ला जो ट्रेसीच्या हाती ९ क्रमांक लावून धावली आणि १९०८ला तिनेच जॉर्ज रॉबर्टसनच्या हाती १६ क्रमांकावर कप जिंकला. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. गाडी ओळखली म्हणून वर्ष कळत नाही, क्रमांक वाचावा लागतो. १९०५ आणि १९०६च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी गाड्यांची निवडफेरी झाली होती, तिचे फोटोही सर्रास ‘व्हँडरबिल्ट कप’ म्हणून फिरतात. क्रमांक उलटा दिसला तर काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून छापली आहे. ती आरशासारखी फिरवल्याशिवाय जागा शोधायला निघालात तर दिवस वाया.

जुन्या जागेवरून तसाच फोटो काढायचा असेल, तर जुन्या चित्रात जवळची आणि लांबची अशी एकमेकांवर आलेली एक जोडी शोधा. चर्चचा मनोरा आणि जवळच्या घराचा कोपरा, असं काहीतरी. आधी डावीकडे-उजवीकडे सरकून ती जोडी जुळवा, मग पुढेमागे. झूम शेवटी. झूमने आकार जुळतो, जागा जुळत नाही.

घरगुती अल्बम मिळाले तर पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ६०० डीपीआय, टिफ फाइल, आणि मागची बाजूही स्कॅन करा. वर्ष आणि गाव बहुधा मागेच असतं. मागे क्रमांक टाकायचा तर मऊ पेन्सिलीने. काचेच्या निगेटिव्ह नायट्रिलचे हातमोजे घालून कडेने धरा, कारण सुती हातमोज्यातून त्या निसटतात. कागदी पाकिटात उभ्या ठेवा आणि पाण्याने पुसू नका.

सगळं झाल्यावर एकेका अवशेषाचं एक पान करा. जागा, मापं, तारीख, चार फोटो, वापरलेले नकाशे आणि नकाशाच्या जुळवणीतली चूक. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘ऐकीव’ यांतलं एक लेबल प्रत्येक विधानासमोर लिहा. एक प्रत गावच्या ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागाला द्या, दुसरी लाँग आयलंड मोटर पार्कवे प्रिझर्वेशन सोसायटीला. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, खांब चोरीला जातात. पट्ट्यातल्या दुरुस्तीचं काम निघायच्या आधी ही पानं वीज कंपनी आणि नगरपालिकेकडे पोचलेली असतील, तर यंत्र चालवणाऱ्याला कुठून वळायचं ते सांगता येतं.