गाणं आवडतं, पण ध्यान लागत नाही

आवडतं संगीत लावून शांत बसण्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : रोज संध्याकाळी आवडीची चार-पाच जुनी भावगीतं लावून डोळे मिटून बसते. अंग हलकं होतं, पण मन कॉलेजात, लग्नघरात, कुठे कुठे फिरून येतं. याला ध्यान म्हणायचं का? (नाशिक)

नाही, ही विश्रांती झाली. तिच्यात कमीपणा काहीच नाही, फक्त दोन्हींची गल्लत नको.

आवडतं गाणं पाठच असतं. पुढची ओळ कुठली, ती हरकत कधी येणार, हे ठाऊक असल्यामुळे मन तिथं आधीच जाऊन उभं राहतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की आवडती जागा येण्याच्या आधीच, नुसत्या चाहुलीनं, मेंदूत डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं. प्रत्यक्ष जागा आली की पुन्हा स्रवतं, पण मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे गाणं ऐकताना तुम्ही सतत कशाची तरी वाट पाहत असता. त्यात शब्द असले की आठवणींचं दार सताड उघडं.

गाणी बंद करू नका, कमी करा. वीस मिनिटं असतील तर पहिली पाच एका, फक्त एका, आवडत्या गाण्याला द्या. डोळे उघडे चालतील. या वेळात खांदे खाली सोडा आणि दातांवर दात असतील तर जबडा सैल करा. पुढची दहा मिनिटं शब्द नसलेलं काही लावा: तानपुरा, किंवा ठेका सुरू होण्याआधीची आलापी. शेवटची पाच मिनिटं काहीच नको.

ही शेवटची पाच मिनिटंच लोक गाळतात. इटलीतल्या पाविया इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये चोवीस जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात आपल्याकडचा एक रागही होता. मध्येच दोन मिनिटं शांतता ठेवली होती. नाडी, रक्तदाब आणि श्वास सगळ्यांत खाली आले ते त्या शांततेत, अगदी संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली. गाणं संपल्यासंपल्या उठून भाजी फोडणीला टाकली, तर नेमका हाच भाग हातचा जातो.

प्रश्न : फोनवर संगीत लावतो. ऐन शांत वाटायला लागतं आणि जाहिरात येते, नाहीतर भलतंच गाणं वाजतं. (ठाणे)

जे लावायचं ते आधी डाउनलोड करून घ्या आणि बसताना फोन फ्लाइट मोडवर टाका. शफल आणि ऑटोप्ले बंद. एका आवाजपातळीचे दोन-तीनच तुकडे ठेवा. जुनं ध्वनिमुद्रण मंद आणि नवं दणदणीत असलं, तर तुकडा बदलताना माणूस दचकतो. शेवटी पाच मिनिटांची आवाज नसलेली फाइल जोडून तिच्या टोकाला एक हलकी घंटा ठेवली, की घड्याळ बघावं लागत नाही. ब्लूटूथ इयरफोन चार्ज करून ठेवा, नाहीतर बॅटरी संपत आल्याची टुकटुक बरोब्बर नको तेव्हा होते. आवाज इतकाच, की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू यावी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. शांत बसण्यासाठी तिच्या जवळपासही जायचं कारण नाही.

प्रश्न : घरी आजोबांचा मिरजेचा तानपुरा पडून आहे. वाजवणारं कोणी नाही. तो दुरुस्त करावा की फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप पुरे? (कोल्हापूर)

रोजच्या बसण्याला ॲप पुरे. पण तानपुरा घरात असताना तो पडून राहणं हे पाप, एवढं आमचं मत नोंदवून पुढे जाऊ.

आधी भोपळ्याला तडा गेलाय का, घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो ठोकळा) जागेवर आहे का ते पाहा. जुन्या गंजक्या तारा तशाच ताणू नका. तार तुटली तर थेट तोंडावर येते. चारही तारा बदला. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची (सा), शेवटची तार पितळी असते. कोल्हापुराहून मिरज काही लांब नाही, तेव्हा जवारी (झणकार यावा म्हणून घोडीचा माथा घासणं) कारागिराकडूनच काढून घ्या, घरी कानस लावू नका. पावसाळ्यात खुंट्या आवळतात, उन्हाळ्यात सैल पडून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावतात.

तारा सुरात लावायच्या त्या अशा: पहिली तार पंचम, मधल्या दोन जोडीचे षड्ज, चौथी खर्ज. सूर ओळखता येत नसेल तर ॲपवर षड्ज चालू ठेवून जोडीच्या तारा त्याला मिळवा. मिळत आल्या की दोन तारांमधली थरथर मंदावत जाते आणि मग थांबते. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवा. केसाएवढा पुढे-मागे करता करता एका ठिकाणी बोदा आवाज एकदम उघडतो, तारेतून झणकार फुटतो. दोरा तिथंच ठेवायचा. पहिली तार मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तर्जनीनं. टोचायचं नाही, बोट तारेवरून निसटू द्यायचं.

आता पट्टी, म्हणजे षड्ज किती उंच धरायचा ते. सकाळी उठल्यावर, बोलण्याआधी, ओठ मिटून सहज हुंकार द्या. जिथं गळ्याला काहीच कष्ट पडत नाहीत, तो तुमचा षड्ज धरा. पुरुषांचा बहुधा पेटीच्या काळी एक-दोनच्या आसपास, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास निघतो. नुसतंच ऐकायचं असेल तर याहून खालची पट्टीही छान.

चार तारांचं एक आवर्तन पाच सेकंदांत होईल अशी गती ठेवा. एका आवर्तनात श्वास आत, एकात बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. ॲप लावल्या लावल्या बहुतेकदा याहून भरभर वाजतं, त्या गतीनं श्वास घेतला तर चक्कर येईल. तीन-चार मिनिटांनी मोजणं सोडून द्या. श्वास अडतोय असं वाटलं तर लगेच सोडा.

आणि ॲप फोनच्या इवल्या स्पीकरवर लावू नका. काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा, तो त्या स्पीकरमधून नीट निघतच नाही. वरचे स्वर तेवढे किणकिणतात, आणि लोक म्हणतात तानपुरा कर्कश आहे. मोठा स्पीकर किंवा पूर्ण कान झाकणारा हेडफोन घ्या.

प्रश्न : सहा वर्षं गाणं शिकतेय. काहीही लावलं की राग ओळखणं, मात्रा मोजणं सुरू होतं. (पुणे)

शिकलेल्या कानाची ही खोडच. अतिविलंबित झुमरा तालातलं गाणं लावून काही उपयोग नाही. चौदा मात्रा कितीही संथ असल्या तरी तुमचं अर्धं लक्ष समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे), मुखडा कुठून उचलतील याकडे.

ताल नसलेलं घ्या: ध्रुपदातली नोमतोम आलापी, रुद्रवीणा, किंवा जे वाद्य तुम्ही कधीच हातात घेतलेलं नाही त्याचा आलाप. मारवा टाळा. त्यात षड्जावर विसावा इतका कमी, की तुमच्यासारखीचा जीव सारखा घराकडे ओढ घेत राहील. यमन, किंवा सकाळी अहिर भैरव बरा. तेही जमत नसेल तर फक्त तानपुरा, आणि त्यातही एकच काम: खर्जाची तार छेडली की तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, संपेपर्यंत ऐकायची. ती नक्की कुठे संपली हे सांगता येत नाही. तिथं मोजायला काही सापडत नाही.

प्रश्न : ४३२ हर्ट्झचं संगीतच ध्यानाला चालतं, असं व्हॉट्सॲपवर आलंय. (नागपूर)

पाश्चात्त्य ‘ए’ला (पांढरी एकचा षड्ज धरला तर ‘ध’) ४४० हर्ट्झ, हा तिकडची वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेला ठराव. तो ४३२ वर आणला की सगळे स्वर अर्ध्या स्वराच्या जेमतेम एकतृतीयांशाने उतरतात. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्यावर ठरतो. गवई रोज याहून जास्त वर-खाली करतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. तो संदेश पुढे पाठवू नका.

प्रश्न : आई गेल्यापासून तिच्या आवडीचं भजन लावून बसतो. पाच मिनिटांत रडू कोसळतं. आणि रडलो नाही त्या दिवशी झोप लागते. (डोंबिवली)

रडू येणं चुकीचं नाही, पण ते भजन सध्या ध्यानासाठी वापरू नका. त्याला वेगळी वेळ द्या: दिवसा, डोळे उघडे ठेवून, जमलं तर घरातल्या कोणासोबत. ध्यानाला ज्याच्याशी कसलीच आठवण जोडलेली नाही असं काही निवडा. छाती दाटून आली तर डोळे उघडा, दोन्ही तळवे जमिनीवर टेका, समोरच्या तीन वस्तूंची नावं मनात घ्या. आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल तर समुपदेशकाशी बोला. १४४१६ ही सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

झोपेचं म्हणाल, तर रात्री ती लागली तर लागू द्या, स्लीप टायमर लावून ठेवला की झालं. पण ध्यान करायचं असेल तर पलंगावर नको, आणि जेवणानंतर दोन तास तरी नको. घडी घातलेली चादर बुडाखाली घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतील आणि पाठ आपोआप ताठ राहील. दिवा पूर्ण मालवू नका.