पगाराच्या आकड्यामागचे तास

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, १,९०० तास झालेत, बायको पुण्यात बँकेत, मुलगी अडीच वर्षांची. आत्ता महिना २ लाख ८० हजार पडतात, नवी कंपनी ‘साधारण साडेतीन’ म्हणतेय. बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर, दिल्लीऐवजी मुंबई. शेवटी तुम्ही विचारलंय की तिथलं वातावरण आधी कसं ओळखायचं. दोन्ही कंपन्यांची नावं दिली नाहीत ते बरं केलंत, मलाही ती नकोत. बावीस वर्षं उडतोय, त्यातली अकरा कमांडवर, म्हणजे कॅप्टन म्हणून. तीन कंपन्या झाल्या. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी पैसे. ‘साधारण साडेतीन’ हा आकडा किती तासांचा, हे त्या पत्रात शोधा. आपला पगार ब्लॉक तासांवर चालतो, म्हणजे विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. त्यातले काही तास पक्के असतात: उडालात, नाही उडालात, तेवढे पैसे मिळतात. बाकीचे उडालात तर. तुमच्या आत्ताच्या करारात ७० तास पक्के आहेत असं तुम्ही लिहिलंय. समजा नव्या पत्रात ४० तासांचे १ लाख ८० हजार पक्के आहेत आणि पुढच्या प्रत्येक तासाला ५ हजार. महिन्याला ७५ तास उडालात तर ३ लाख ५५ हजार होतात, एचआर तोच आकडा सांगतं. ५२ तासच मिळाले तर २ लाख ४० हजार. म्हणजे ६० तासांच्या खाली गेलात की आजच्यापेक्षा तोटा. हे ६० तास मिळणं तुमच्या हातात नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

आपले तास कमी होतात ती कारणं बहुतेक वेळा आपल्यापासून फार लांबची असतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या अडचणींमुळे भारतात ए३२० निओ विमानं डझनांनी उभी राहिली. बोईंगकडून विमानं वेळेवर आली नाहीत म्हणून अकासा एअर या कंपनीचे कितीतरी प्रशिक्षित वैमानिक उड्डाणाविना बसून होते. २५ मार्च २०२० ला देशांतर्गत विमानसेवा थांबली ती थेट २५ मे रोजी सुरू झाली. या तिन्हींत वैमानिकाची काडीचीही चूक नव्हती. ४० आणि ७० मधला फरक किती टोचतो, हे २०२४ च्या एप्रिलमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी विस्तारा या कंपनीच्या वैमानिकांपुढे नवा करार आला, त्यात पक्के तास ७० वरून ४० वर आले होते, आणि त्या दिवसांत वैमानिकांअभावी विस्ताराची उड्डाणं धडाधड रद्द झाली. लोकांना वाटलं, इतका पगार घेणारी माणसं रुसली कशाला? गृहकर्जाचा हप्ता पक्क्या तासांवर बसवलेला असतो, हे बाहेरून दिसत नाही.

तेव्हा एचआरला लेखी विचारा: पक्के तास किती, मागच्या बारा महिन्यांत ए३२० च्या फर्स्ट ऑफिसरचे सरासरी तास किती, आणि मेडिकल रजेत पक्क्या तासांचे पैसे किती महिने मिळतात. तिसरा प्रश्न विसरू नका. माझ्या एका बॅचमेटला मुतखडा निघाला. साधा मुतखडा, घरचं कुणी त्याला आजारही म्हणालं नसतं. मेडिकलला तात्पुरता अनफिट झाला, आणि खडा पडून पुन्हा सगळे रिपोर्ट स्वच्छ येऊन फाइल हलेपर्यंत पाच महिने गेले. त्याच्या करारात दोन महिन्यांचे पैसे होते. उरलेले तीन महिने सासऱ्यांनी निभावले. लायसन्स गेल्यास मिळणारा विमा कंपनी काढते का, रक्कम किती, आणि तात्पुरत्या अनफिटला तो लागू होतो की कायमच्याच, हे पॉलिसीची प्रत मागून स्वतः वाचा. फुकट तिकिटं, हॉटेल, रोजचा भत्ता यावर मी वेळ घालवत नाही. सगळीकडे उन्नीस-बीस असतं.

कंपनी टिकेल का, हे कुणी सांगू शकत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, आणि ती कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ७ नोव्हेंबर २०२४ ला. मधली साडेपाच वर्षं माणसं थकलेल्या पगाराची वाट बघत होती. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये एका रात्रीत जमिनीवर आली. यातून मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हीही लावा. दर महिन्याला पीएफचं पासबुक उघडायचं आणि दर तिमाहीला २६एएस, म्हणजे आपल्या नावावर भरल्या गेलेल्या कराचा तक्ता, बघायचा. किंगफिशरच्या लोकांच्या पगारातून कापलेला टीडीएस सरकारकडे भरलाच गेला नव्हता. पगार उशिरा होऊ लागला की सगळ्यांना कळतं, पण कापलेले पैसे जागेवर पोचत नाहीत हे त्याच्या आधी दिसू शकतं.

आता वातावरणाबद्दल, आणि इथे मी सावकाश लिहिणार आहे, कारण माझ्या मते तुमचा निर्णय इथे व्हायला हवा.

७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान धावपट्टी संपून पुढे दरीत कोसळलं. १९० जण होते, २१ गेले, त्यात दोन्ही वैमानिक. कमांडर होते कॅप्टन दीपक साठे, खडकवासल्याच्या एनडीएतून घडलेले, हवाई दलात नावाजलेले, आपल्यापैकी अनेकांना गुरुस्थानी. अपघात तपास विभागाचा अहवाल २०२१ मध्ये आला. पाऊस, ओली धावपट्टी, मागून वारा, उतरायला येतानाचा अस्थिर ॲप्रोच, विमान फार पुढे टेकलं: संभाव्य कारण म्हणून वैमानिकाने कार्यपद्धती पाळली नाही असंच अहवाल म्हणतो, आणि ते मी लपवत नाही. पण अहवाल तिथेच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं कोझिकोडहून सुटणारं उड्डाण साठ्यांच्याच नावावर होतं. त्या बेसवर कॅप्टन होता एक, आणि फर्स्ट ऑफिसर होते सव्वीस. विमान दुसरीकडे नेलं असतं तर सकाळच्या उड्डाणाला कॅप्टन कुठून आणणार? उतरण्याच्या हट्टामागे हा दबाव होता, असं अहवालाने नोंदवलंय, आणि बेस ठरवण्याच्या एचआरच्या धोरणाला सदोष म्हटलंय. उजवीकडच्या तरुण वैमानिकाने, म्हणजे फर्स्ट ऑफिसरने, ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. ते ऐकलं गेलं नाही, आणि त्याने नियंत्रण स्वतःच्या हातात घेतलं नाही. दोघांतल्या अधिकाराच्या उताराबद्दलही, म्हणजे कनिष्ठाला वरिष्ठापुढे बोलणं जड जाण्याबद्दलही, अहवालात लिहिलंय.

मी तो अहवाल वाचला तेव्हा कमांडवर होतो, आणि बरेच दिवस नीट झोपलो नाही. कुठल्या बेसवर किती कॅप्टन ठेवायचे हे कुणीतरी वातानुकूलित खोलीत एक्सेलवर ठरवतं, आणि ते ओझं रात्रीच्या पावसात कॉकपिटमध्ये येऊन बसतं. कंपनीचं वातावरण म्हणजे मला एवढंच कळतं: कंपनीला गैरसोयीचा निर्णय घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्याशी कसं वागलं जातं.

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या कंपनीत, नाव घेत नाही, सलग तिसऱ्या रात्रीच्या ड्यूटीआधी पहाटे पावणेतीनला मी फोन केला की मला झोप लागलेली नाही, मी फिट नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, “आजारी म्हणून नोंदवू का? ‘थकलोय’ असा कोडच नाही आमच्याकडे.” दोन दिवसांनी खुलासा मागणारं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, घरी सलग दोन रात्री पडतील अशी एकही सुट्टी नव्हती. कुणी काही बोललं नाही, पण बेसवरच्या सगळ्या पोरांनी ते रोस्टर पाहिलं. त्यानंतरच्या वर्षभरात माझ्या माहितीत एकानेही थकल्याचा फोन केला नाही. तिसऱ्या कंपनीत तसाच फोन केला तेव्हा ड्यूटीवरची मुलगी म्हणाली, “बरं सर, झोपा. फॉर्म उद्या भरा.” फॉर्म भरला, आणि तीन आठवड्यांनी त्या रोस्टरमधली ती ड्यूट्यांची जोडणीच बदलून आली. दोन्हीकडे पगार जवळपास सारखा होता.

तुम्ही म्हणाल, आता नियम आहेत. आहेत, आणि ते आपल्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून पदरात पाडून घेतलेत. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. लागू व्हायला मात्र १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि सरकारने काही अटींतून त्यांना तात्पुरती सूट दिली. त्या दिवसांत प्रवाशांचे हाल झाले हे खरंच. पण वैमानिकाची झोप ही सर्वांत आधी उसनी मागण्याची वस्तू आहे, हे पाहून मला फार वाईट वाटलं. नियम म्हणजे खालची रेघ. काही कंपन्या त्या रेघेपासून हात राखून रोस्टर आखतात, काही अगदी तिच्यावरच.

तुमची नवी कंपनी यांतली कुठली, हे कळायला एकच मार्ग मला ठाऊक आहे. तिथे तुमच्याच हुद्द्यावरच्या, शक्यतो तुमच्याच बेसच्या दोन-तीन जणांची मागच्या तीन महिन्यांची रोस्टर मागा. छापलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं, दोन्ही. दोन्हींत किती फरक आहे ते मोजा. सुट्टीच्या आदल्या दिवशीची ड्यूटी रात्री अकराला संपते का दुपारी, ते पाहा. स्टँडबायवर, म्हणजे राखीव असताना, किती वेळा बोलावलं जातं ते विचारा. मग चहा पिताना सहज विचारा की शेवटचा थकल्याचा रिपोर्ट कुणी दिला होता आणि त्याचं पुढे काय झालं. ‘आमच्याकडे कुणी देतच नाही’ असं उत्तर आलं, तर साडेतीनचे साडेचार झाले तरी मी जाणार नाही. गो अराउंड केल्यावर फोन येतो का, हेही विचारा. नियमाने त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, पण चीफ पायलटचा एक साधा ‘काय झालं होतं रे?’ वाला फोन कुठल्या सुरात येतो, त्यावर पुढच्या पावसाळ्यात माणूस काय करील ते ठरतं.

बेसचं. मुंबई म्हणजे घर जवळ आलं, असं तुम्ही लिहिलंय. पुणं मुंबईजवळ असलं तरी मुंबईत नाही. पहाटे पाचच्या रिपोर्टिंगला पुण्याहून निघायचं तर रात्री एकलाच दार ओढून घ्यावं लागेल, आणि हा प्रवास ना ड्यूटीत धरला जातो ना विश्रांतीतून वजा होतो. कागदावर तुम्ही त्या वेळी झोपलेले असता. रात्रभर उडून सकाळी स्वतः गाडी चालवत घाट चढणारे सहकारी मी पाहिलेत, कृपया तसं करू नका. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटायला लागलीत. तिथून ड्यूट्या मिळतील का, कंपनीची गाडी कुठपर्यंत येते, हे विचारून घ्या. पनवेलला किंवा खारघरला एखादी खोली घेऊन ड्यूटीआधीची रात्र तिथे काढायची, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्याचं भाडं नव्या पगारातून वजा करूनच तुलना करा.

सीनिऑरिटीकडे तुम्ही प्रश्नात वळूनही पाहिलेलं नाही. आत्ताच्या यादीत तुमच्या मागे साडेतीन वर्षांची माणसं आहेत. कंपनी बदललीत की नव्या यादीत शेवटून पहिले. एटीपीएलचे, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सचे, १,५०० तास तुमचे झालेत, पण कमांडचा नंबर यादीने लागतो आणि यादी विमानं येण्याच्या वेगाने पुढे सरकते. ऑर्डरचे आकडे सगळ्यांचे मोठे आहेत. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७०, इंडिगोने ५०० विमानं मागवली. तुम्ही बघा की गेल्या वर्षात प्रत्यक्ष किती आली आणि किती फर्स्ट ऑफिसर कमांडला गेले. कमांड दीड वर्षं पुढे गेली तर महिन्याचे ७० हजार जास्त मिळून काही उपयोग नाही, कारण कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसरच्या पगारात दुपटीहून जास्त अंतर असतं.

नोटीस पूर्ण द्या. डीजीसीएच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. या मुदतीवरून वैमानिक संघटना न्यायालयात गेल्यात आणि मलाही ती अन्यायकारक वाटते, पण २०२३ मध्ये अकासातले ४३ वैमानिक नोटीस न संपवता निघाले तेव्हा कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. अडीच वर्षांच्या मुलीच्या बापाने त्या वाटेला जाऊ नये. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विमानाच्या प्रशिक्षणाचा, बाँड किती शिल्लक आहे, तेही आत्ताच एचआरकडून लेखी घ्या. नवी कंपनी ते भरणार असेल तर त्याबदल्यात ती स्वतःचा किती वर्षांचा बाँड लिहून घेते, ते वाचल्याशिवाय सही नको.

पत्रावर उत्तर द्यायला तुमच्याकडे दहा दिवस आहेत म्हणता. पक्के तास, मेडिकल रजेचे महिने आणि ती तीन महिन्यांची रोस्टर, एवढं हातात आलं की इथेच लिहा, नावं आणि एम्प्लॉयी नंबर खोडून. बायकोलाही त्या रोस्टरवर नजर टाकायला सांगा. कुठल्या रात्री घरी कोण असेल हे तिला आपल्यापेक्षा लवकर दिसेल.