एअरगनमध्ये फेरफार करून घेतला तर सोलापुरात कोणता कायदा लागतो?

महाराष्ट्राचा वेगळा कायदा नाही हो, देशभर एकच: शस्त्र अधिनियम 1959. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला असते ना, छऱ्याची, तसली साधी एअरगन (4.5 मिमीपर्यंत बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 20 ज्यूलपर्यंत जोर) विनापरवाना चालते. पण तिच्यात किंवा नकली पिस्तुलात फेरफार करून खरी गोळी सुटेल असं केलं, की कलम 6 चा भंग. बंदुकीची नळी कापून आखूड करणंही त्यातच येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. 'नुसतं करून बघत होतो' म्हणून सुटका नाही! खरंच बंदूक हवी असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करा.