ग्रँड ज्युरीनं 'इंडाइट' केलं म्हणजे मराठीत काय झालं?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या नात्यातला एक मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. कंपनीच्या पैशांत अफरातफर केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. वकिलानं कळवलं की ग्रँड ज्युरीनं त्याला 'थर्ड डिग्री'च्या गुन्ह्यासाठी 'इंडाइट' केलंय. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काकांनी त्याचं भाषांतर 'ज्युरीनं दोषी ठरवलं' असं केलं, एका भाच्यानं 'महाभियोग' असं केलं आणि 'थर्ड डिग्री' वाचून मावशींनी डोळ्याला पदर लावला. ताई विचारतात, नेमका मराठी शब्द कोणता? आणि कानावर आलेला 'फेलनी' हा शब्द म्हणजे खुनाइतकं गंभीर काही असतं का?

आधी मावशींना फोन करा. आपल्याकडे थर्ड डिग्री म्हणजे पोलीस कोठडीतली मारहाण. न्यू जर्सीच्या कायद्यात ती गुन्ह्याची प्रतवारी आहे. तिथे गंभीर गुन्ह्यांच्या चार डिग्र्या आहेत, फर्स्ट सगळ्यात वाईट आणि फोर्थ सगळ्यात सौम्य. चोरी-फसवणुकीची रक्कम ५०० डॉलरच्या वर आणि ७५ हजारांच्या आत असेल तर सहसा थर्ड डिग्री लागते, ७५ हजार झाले की सेकंड. थर्ड डिग्रीला तीन ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. मात्र पहिलाच गुन्हा असेल तर, काही अपवाद सोडता, तुरुंगात न पाठवण्याकडे कायद्याचा कल असतो. म्हणजे तिसऱ्या प्रतीचा गुन्हा. मुलाला कुणी हात लावलेला नाही.

आता काका आणि भाचा. दोघंही चुकलेत, भाचा जरा जास्त. महाभियोग म्हणजे इम्पीचमेंट आणि तो पदावरच्या माणसावर चालतो: राष्ट्राध्यक्ष, न्यायाधीश वगैरे. एडिसनमधल्या अकाउंटंटवर महाभियोग चालायला तो आधी कुठल्या तरी पदावर बसायला हवा. हा घोळ रुजायला डोनाल्ड ट्रम्प यांचा हातभार असावा, कारण त्यांच्या बाबतीत सगळंच घडलं. २०१९ आणि २०२१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहानं त्यांच्यावर महाभियोग आणला, सिनेटनं दोन्ही वेळा त्यांना सोडलं. मार्च २०२३ मध्ये मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीनं त्यांना इंडाइट केलं. मे २०२४ मध्ये बारा जणांच्या साध्या ज्युरीनं दोषी ठरवलं. तीन क्रिया, करणारे तीन वेगळे. काकांनी दुसरी वाचून तिसरी सांगितली.

काकांचा मात्र फार दोष नाही. मराठी माणसाच्या डोक्यातली ज्युरी टिळकांच्या आणि नानावटींच्या खटल्यातली असते. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवणारी आणि १९५९ मध्ये नौदलाच्या कमांडर नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हणणारी. दोन्ही बाजू ऐकायच्या, मग दोषी की निर्दोष ते सांगायचं, हे त्या ज्युरीचं काम. तिचं इंग्रजी नाव पेटी ज्युरी, मूळ फ्रेंच 'पेती' म्हणजे लहान. ग्रँड ज्युरी म्हणजे मोठी, तीही फक्त डोक्यांच्या संख्येनं. साध्या ज्युरीत सहसा बारा जण, ग्रँडमध्ये तेवीसपर्यंत. म्हणून 'महाज्युरी' किंवा 'सर्वोच्च ज्युरी' असले शब्द मला नकोसे वाटतात. 'महा' लागला की कुणीतरी वरिष्ठ बसल्यासारखं वाटतं. इथे तर ती खालच्या पायरीवर असते, खटल्याच्याही आधी.

गंमत म्हणजे ग्रँड ज्युरी मुंबईतही होती. कंपनी सरकारच्या काळात इलाख्याच्या शहरांतल्या सुप्रीम कोर्टांत ती बसायची. १८२६ च्या कायद्यानं तिथे फक्त ख्रिस्ती लोकांना बसता येत होतं, १८३२ च्या कायद्यानं ती अट निघाली आणि १८६५ मध्ये ग्रँड ज्युरीच गेली. त्यामुळे टिळकांच्या वेळी ती नव्हती आणि मराठीत तिच्यासाठी शब्द रुळायला जेमतेम वेळ मिळाला. ज्या इंग्लंडमध्ये हिची मुळं ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या फर्मानापर्यंत जातात, तिथेही १९३३ मध्ये ती जवळजवळ बंद झाली. अमेरिकेनं मात्र १७९१ मध्ये पाचव्या घटनादुरुस्तीत लिहून ठेवली आणि ती टिकली. तीही फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालच्या, खटल्यांपुरती सक्तीची. १८८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्यांवर ती बंधनकारक नाही. न्यू जर्सीनं स्वतःच्या राज्यघटनेत ती ठेवली आहे.

त्या खोलीत काय चालतं ते कळलं की शब्द निवडणं सोपं जातं. खोलीत न्यायाधीश नसतो. आरोपीचा वकील नसतो, बहुतेक वेळा आरोपीही नसतो. असतात ते सरकारी वकील, एका वेळी एक साक्षीदार, लघुलेखक आणि समोर नागरिक. फेडरल पद्धतीत सोळा ते तेवीस नागरिक, त्यातल्या बारांनी होकार दिला की काम झालं, एकमत लागत नाही. साक्षीदारानं वकील आणलाच तर त्यानं बाहेर व्हरांड्यात थांबायचं. अडलं की साक्षीदारानं परवानगी घेऊन बाहेर जायचं, विचारायचं, परत येऊन उत्तर द्यायचं. ऐकीव पुराव्यावरही आरोप ठेवता येतो, हे १९५६ पासून सुप्रीम कोर्टाचं मत आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा दाखवणं सरकारी वकिलावर बंधनकारक नाही, हे १९९२ चं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये थोडी वेगळी वाट धरली: आरोपच थेट खोडून काढणारा ढळढळीत पुरावा हाती असेल तर तो ग्रँड ज्युरीसमोर ठेवलाच पाहिजे. ताईंनी हे मुलाच्या वकिलाला विचारावं, मी पडलो शब्दांचा माणूस.

एवढं सगळं एकतर्फी असल्यावर होकार येणारच. न्यू यॉर्कचे मुख्य न्यायमूर्ती सोल वॉक्टलर १९८५ मध्ये म्हणाले होते की सरकारी वकिलाच्या मनात आलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचलाही इंडाइट करेल. पुढे त्यांच्यावरच फेडरल गुन्ह्याचा खटला होऊन त्यांना तुरुंगात जावं लागलं, तो भाग वेगळा.

तेव्हा इंडाइट म्हणजे 'खटला चालवण्याइतका आधार दिसतो' असा नागरिकांनी दिलेला शेरा. आता यासाठी मराठी काय? आपल्या कोर्टात दोन शब्द तयार आहेत. 'आरोपपत्र', म्हणजे तपास संपवून पोलीस कोर्टात दाखल करतात ते. आणि 'आरोपनिश्चिती', जी न्यायाधीश करतात. इंडाइटमेंट या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. मसुदा सरकारी वकिलाचा, मान्यता नागरिकांची, न्यायाधीश अजून चित्रात नाही. नुसतं 'आरोपपत्र दाखल झालं' म्हटलं तर ग्रँड ज्युरी गायबच होते. शिवाय अमेरिकेत आरोपाचे कागद आणखीही आहेत. एक 'कम्प्लेंट', जिचं भाषांतर 'तक्रार' केलं तर शेजाऱ्यानं केली की काय असं वाटतं. दुसरा 'इन्फर्मेशन', ग्रँड ज्युरीला वळसा घालून सरकारी वकील थेट दाखल करतो तो. याला कुणी 'माहिती' म्हणू नये एवढीच विनंती.

माझी पसंती अशी: क्रियापद हवं असेल तर 'ग्रँड ज्युरीनं आरोप मंजूर केले', नाम हवं असेल तर 'ग्रँड ज्युरीचं आरोपपत्र'. 'दोषारोप' हा शब्द कायद्याच्या मराठीत बरोबर आहे, पण घरच्या ग्रुपवर टाळा. वाचणारा 'दोष' एवढंच वाचतो आणि पुढचा 'आरोप' गिळतो.

त्या आरोपपत्रात 'काउंट' असा शब्द येईल. त्याला 'कलम' म्हणू नका. ट्रम्प यांच्यावर ३४ काउंट होते, पण कलम एकच, धंद्याच्या नोंदी खोट्या केल्याचं. ११ बिलं, हिशेबातल्या १२ नोंदी आणि ११ चेक, प्रत्येक कागदाचा एक आरोप, झाले चौतीस. मुलाच्या कागदावर दहा काउंट दिसले तर दहा वेगळ्या प्रकारचे गुन्हे केले असं समजून घाबरू नका, एकाच प्रकारचे दहा चेकही असू शकतील.

फेलनीचं उत्तर छोटं आहे. फेडरल कायद्यात एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकते असा गुन्हा म्हणजे फेलनी, त्याखालचा मिसडिमीनर. खून फेलनी आहे तशी मोठी अफरातफरही आहे. 'गंभीर गुन्हा' हे भाषांतर चालेल. न्यू जर्सीचा कायदा तर फेलनी हा शब्द वापरतच नाही. तिथे या वर्गाला 'इंडाइटेबल' म्हणतात, म्हणजे ज्याला ग्रँड ज्युरी लागते तो. मुलगा बोलताना फेलनी म्हणत असेल, कागदावर तो शब्द सापडणार नाही.

जाता जाता दोन शब्द सांगतो, कारण कागदावर ते दिसतात. मंजूर मसुद्यावर 'ट्रू बिल' असा शेरा मारतात आणि नामंजूर झाला तर 'नो बिल'. हे बिल पैशांचं नव्हे, आरोपाच्या मसुद्याचं. पूर्वी नामंजुरीला लॅटिनमध्ये 'इग्नोरामस' लिहायचे, अर्थ 'आम्हाला ठाऊक नाही'. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लिहिलेल्या एका लॅटिन नाटकात अडाणी वकिलाला हे नाव दिलं आणि तेव्हापासून तो शब्द अडाणी माणसाला चिकटला. नो बिल म्हणजे निर्दोष सुटका मात्र नाही. खटलाच सुरू झालेला नसतो, त्यामुळे सरकारी वकील तोच मामला पुन्हा ग्रँड ज्युरीपुढे नेऊ शकतो.

उच्चार 'इंडाइटमेंट'च. मधला 'क' लिहायचा, म्हणायचा नाही. जुन्या फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हताच, नंतर लॅटिनच्या प्रेमापोटी पंडितांनी घुसवला. 'इंडिक्टमेंट' असं छापलेलं दिसलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून वाचा.

आणि एक गोष्ट ताईंनी ग्रुपवर आत्ताच लिहून ठेवावी. पुढचा टप्पा 'अरेनमेंट'चा, म्हणजे मुलाला कोर्टात आरोप सांगून त्याचं म्हणणं विचारणार. तो 'नॉट गिल्टी' म्हणेल, जवळजवळ सगळेच म्हणतात. आपल्या कोर्टाच्या भाषेत ते 'गुन्हा नाकबूल'. काकांनी त्याचं 'निर्दोष सुटला' करून पेढ्यांचे फोटो टाकायच्या आत हे सांगितलेलं बरं.