पहिली कीलबोट घेताना
बडोद्यात राहून कीलबोट, म्हणजे तळाला वजनदार पातं (कील) असलेली शिडाची बोट घेताय, जरूर घ्या. पण जवळ आहे म्हणून खंभातच्या आखातात उतरू नका. तिथे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो आणि प्रवाह लहान बोटीला दाद देत नाही. मुंबई बंदर बरं. रात्रीची गाडी धरली की सकाळी तिथे. पावसाळा सोडून एक मोसम दुसऱ्याच्या बोटीवर हात बसवा.

मग २२ ते २४ फुटांची जुनी फायबरची बोट बघा, जे-२४ सारखी. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीनं टकटक करत फिरा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला किंवा पायाखाली दबलं, तर फायबरच्या थरांमधलं बाल्सा हे हलकं लाकूड कुजलंय. रेलिंगच्या खांबांभोवती नीट बघा, पाणी बहुधा तिथूनच शिरतं. कीलच्या जोडाला भेग, बोल्टांना गंज असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. रंग आणि गाद्या नंतर होतात.

नवखे हमखास चुकतात ते असे:
- ऐपतीपेक्षा मोठी बोट घेतात.
- वारा वाढला तरी शीड उशिरा लहान करतात. मनात शंका आली की लगेच करा.

लाइफ जॅकेट कायम अंगात. स्पिनेकरचं, म्हणजे वारा मागून असताना लावायच्या मोठ्या फुगीर शिडाचं, पुढच्या वर्षी बघू.