वाचकांचे प्रश्न : बहुमजली इमारतीचे मॉडेल कुठे फसते?

प्रश्न : बारा मजली आरसीसी इमारतीच्या संगणकी मॉडेलमध्ये पहिला आवर्तकाल (एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ) १४.६ सेकंद येतो. ॲनॅलिसिस मात्र एकही एरर न देता पूर्ण होते. चूक कुठे शोधावी?

उत्तर : ढोबळ हिशेब मजल्यामागे ०.१ सेकंद, म्हणजे बारा मजल्यांना सव्वा सेकंदाच्या आसपास. तडे गेलेल्या छेदांची कमी स्टिफनेस (ताठपणा) धरली तर दोन-अडीचपर्यंत जाईल. १४.६ बहुधा इमारतीचा कालच नाही, तिच्यातल्या एखाद्या सुट्या तुकड्याचा आहे. एरर आली नाही याचा अर्थ समीकरणे सुटली, इतकाच.

पहिल्या मोडचे (कंपनाच्या पहिल्या प्रकाराचे) ॲनिमेशन लावा. सगळी इमारत जागच्या जागी आणि एकच बीम वर-खाली हलतोय असे दिसले, तर तो बीम एका टोकाला सुटलेला आहे. त्या मोडमधला वस्तुमानाचा सहभागही शून्याजवळ असेल. नेहमीचे कारण असे : बीम मध्यरेषेवर न काढता ड्रॉइंगमधल्या कडेच्या रेषेवर काढलेला असतो. २३० मिमी रुंद बीम असेल तर त्याचे टोक कॉलमच्या नोडपासून (जोडबिंदूपासून) ११५ मिमी बाजूला पडते. छेदांची जाडी दाखवणाऱ्या दृश्यात दोघे चिकटलेले दिसतात, म्हणून ते दृश्य बंद करा आणि फक्त रेषा व नोड चालू ठेवून झूम करा. एका ठिपक्याऐवजी दोन दिसतील. बीम मध्यरेषेवर आणून जोडा. नोड एकत्र करण्याची मर्यादा १५० मिमी करून प्रश्न मिटवू नका. त्याने खरोखर वेगळे असलेले नोडही एक होतात आणि मेश (एलिमेंट म्हणजे छोट्या तुकड्यांची जाळी) वेडावाकडा होतो. १०-२० मिमी पुरे.

ॲनिमेशनमध्ये पूर्ण इमारतच डोलत असेल तर वस्तुमान तपासा. काँक्रीटची घनता २.५ टन प्रति घनमीटर, वजन २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर. वस्तुमानाच्या रकान्यात २५ टाकले की वस्तुमान दहापट आणि आवर्तकाल दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.२ पट वाढतो. स्लॅबचे स्ववजन सॉफ्टवेअरनेही धरले आणि तुम्हीही भार म्हणून दिले, ही चूक त्याहून जास्त वेळा होते. ती पायाच्या रिॲक्शनमध्ये (पायाने पेललेल्या एकूण भारात) पकडता येते. ३०० चौरस मीटरचे बारा मजले, चौरस मीटरला साधारण १२ किलोन्यूटन धरले तर बेरीज ४३,२०० किलोन्यूटन. मॉडेल ६०,००० दाखवत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : शिअर वॉलचा (आडवा भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीचा) मेश किती बारीक ठेवावा? वॉलच्या रेषेतच येणाऱ्या बीमच्या टोकाला मोमेंट (वाकवणारा जोर) जवळजवळ शून्य का येतो?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी, कारण ही चूक डिझाइनपर्यंत तशीच पोचते. वॉलसाठी वापरलेल्या शेल एलिमेंटला (पत्र्यासारख्या सपाट तुकड्याला) स्वतःच्या प्रतलातल्या फिरण्याची स्टिफनेस नसते, किंवा अगदी कामचलाऊ असते. बीम एकाच नोडवर वॉलला टेकला की तिथे जणू बिजागरी तयार होते. बीम वॉलच्या आत किमान एक एलिमेंटभर, शक्यतो बीमच्या खोलीइतका पुढे न्या. आतल्या भागाला वजन देऊ नका, नाहीतर ते दोनदा मोजले जाईल. दोन वॉलना जोडणारा बीम आखूड आणि खोल असेल (लांबी खोलीच्या दुपटीहून कमी), तर तोही शेलनेच करा.

मेशचा आकडा कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, तपासून घ्या. ३ मीटर रुंद, २०० मिमी जाड, ३० मीटर उंच अशी एकटीच वॉल तळाशी पक्की करा. माथ्यावर तिच्या प्रतलात १०० किलोन्यूटन आडवा भार द्या. ई (काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक) २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरल्यास वाकण्यातून येणारे विस्थापन बरोबर ८० मिमी. शिअरची (कातर बलाची) भर जेमतेम ०.६ मिमी. तुमच्या मेशवर उत्तर बरेच कमी आले तर वॉल खोटीच ताठ झाली आहे : साधे चार नोडचे एलिमेंट फार मोठे असले की असे होते. रुंदीत चार भाग, एलिमेंट शक्यतो चौरस, इथून सुरुवात करा. एलिमेंटचा आकार निम्मा करूनही उत्तर पाच टक्क्यांच्या आत राहिले की थांबा.

प्रश्न : सगळ्या मजल्यांना रिजिड डायाफ्राम दिला (म्हणजे स्लॅब आपल्या प्रतलात पूर्ण ताठ धरला) तर काय बिघडते?

उत्तर : नेहमीच्या सलग स्लॅबला काहीच नाही. पण डायाफ्रामने बांधलेल्या नोडमधले अंतर बदलतच नाही, म्हणून बीममधले अक्षीय बल (लांबीच्या दिशेने येणारा दाब किंवा ओढ) शून्य दिसते. मोठे डक्ट, अरुंद जोडपट्टी, तापमानाचा भार किंवा ट्रान्सफर मजला (वरच्या कॉलमचा भार दुसरीकडे वळवणारा) असेल तिथे सेमी-रिजिड (स्लॅबचा खरा ताठपणा धरणारा) डायाफ्राम वापरा आणि स्लॅबला मेश करा. एका पोडियमवरच्या (खालच्या सामाईक रुंद मजल्यांवरच्या) दोन टॉवरना एकच डायाफ्राम दिला तर हवेत अदृश्य पूल बांधल्यासारखे होते. प्रत्येक टॉवरला स्वतंत्र द्या.

प्रश्न : वरच्या मजल्यांवर कोअर वॉल (लिफ्ट-जिन्याभोवतीची भिंत) आणि कॉलम यांच्यामधल्या बीमचे कॉलमकडचे मोमेंट उलट्या चिन्हाचे येतात. का?

उत्तर : सॉफ्टवेअरने पूर्ण इमारत एका क्षणात उभी करून सगळा भार एकदम घातला. कॉलमवर ताण जास्त, म्हणून तो कोअरपेक्षा जास्त दबतो आणि बीम त्या बाजूला खाली ओढला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक मजला ओतताना पातळी पुन्हा साधली जाते. मृत भारासाठी मजल्यागणिक टप्प्यांचे ॲनॅलिसिस लावा.

प्रश्न : स्टिफनेस मॉडिफायर (तड्यांमुळे ताठपणा कमी धरण्याचे गुणक) कोणते?

उत्तर : अंतिम भारांसाठी (ताकद तपासताना वाढवून धरलेल्या) एसीआय ३१८ या अमेरिकी काँक्रीट संहितेप्रमाणे बीम ०.३५, कॉलम ०.७०, फ्लॅट स्लॅब ०.२५, वॉलला तडे नसतील तर ०.७०, असतील तर ०.३५. सेवाभारातील (रोजच्या वापरातल्या भारातील) आडव्या विस्थापनासाठी, म्हणजे ड्रिफ्टसाठी, हेच आकडे १.४ ने गुणता येतात. त्यामुळे ताकदीचे आणि ड्रिफ्टचे मॉडेल वेगवेगळे ठेवा.