मूल्यमापन जाहिरातीतच लिही

अमेरिकेच्या संघीय अनुदानासाठी अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीचा तुझा मसुदा वाचला आणि सोबतचा प्रश्नही. वरिष्ठ म्हणतात, मूल्यमापनाचं, म्हणजे कामाचा उपयोग झाला का हे तपासण्याचं, काय ते अनुदान वाटून झाल्यावर बघू. मग तू काय करायचंस?

ऐकू नकोस. जाहिरातीतच लिही.

पैसे एकदा हातात पडले की संस्थेच्या गळ्यात नव्या अटी मारणं अवघड. तोवर लाभार्थी आलेले असतात, सुरुवातीच्या नोंदी कुणी ठेवलेल्या नसतात, तुलनेसाठी लाभ न मिळालेल्यांचा गट उरलेला नसतो. मग मूल्यमापक नेमणं म्हणजे वरातीमागून घोडं. जागा थोड्या आणि इच्छुक जास्त असतील तिथे सोडत काढली तर नंबर लागलेले आणि न लागलेले यांची तुलना आपसूक मिळते. पण सोडत काढावी लागेल हे अर्जाआधी कळायला हवं ना?

आता तुझं ते वाक्य. ‘अर्जदारांनी सर्वंकष व सुदृढ मूल्यमापन आराखडा सादर करावा.’ चार-पाच माणसांच्या संस्थेने यावरून नेमकं काय करायचं? असं लिही: ‘प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येकाची हजेरी ठेवा. सहा महिन्यांनी त्याला नोकरी आहे का, हे नोंदवा. ही माहिती आम्ही नेमलेल्या मूल्यमापकाला द्यावी लागेल. त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा.’

शेवटची ओळ गाळू नकोस. हा खर्च अनुदानातून करता येतो, हे अमेरिकेच्या संघीय अनुदान नियमांत 2024 च्या सुधारणेने स्पष्ट केलंय, कबूल. पण नियम चाळायला ज्यांच्याकडे माणूसच नाही, त्यांना ते जाहिरातीतच दिसलं पाहिजे. अर्जाला साधारण 60 दिवस मिळतात, कधी 30 च. ते तुझी भाषा उलगडण्यात घालवायचे का? सोप्या सरकारी भाषेचा कायदा 2010 चा आहे, बाई!

मला हट्टी म्हणतात. एका कार्यालयात माझा हा परिच्छेद ‘लांबी वाढते’ म्हणून खोडत राहिले, मी परत घालत राहिले. त्याच मसुद्यात खात्याच्या ध्येयधोरणाला दोन पानं होती! बढती हुकली ती त्यामुळे, असं बोललं जायचं. असेल. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण परिच्छेद बरोबर होता.

अर्जांचं गुणांकनही बघ. मूल्यमापनाला 100 पैकी 5 गुण ठेवलेस तर अर्जदार पाच गुणांपुरतंच लिहिणार.

आणि वरिष्ठांकडे एकटी जाऊ नकोस. 2018 च्या पुराव्याधारित धोरणाच्या कायद्याने मोठ्या खात्यांत मूल्यमापन अधिकारी नेमणं बंधनकारक केलंय. तुमच्याकडेही कुणीतरी असणारच. आधी त्यांना गाठ, मसुदा दाखव.